शेंगा कोणी खाल्ल्या, टरफले कोण उचलतो?

२०२५ च्या नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा दक्षिण बंगळूरच्या कष्टकऱ्यांना पुष्कळ काही शिकवून गेला. १७ तारखेला, कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी, जयनगरच्या शेजारी बसवनगुडीत ‘कडलेकाई परिशे’ म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा सुरू झाली. २१ तारखेला केंद्र सरकारने २९ कामगार कायदे मोडीत काढून तयार केलेल्या चार श्रमसंहिता अंमलात आणल्या. २६ तारखेला केंद्रीय कामगार संघटना आणि संयुक्त किसान मोर्चा यांनी त्यांविरुद्ध देशभर निषेध नोंदविला. २७ तारखेला, गुरुवारी, अमेरिकेत ‘थँक्सगिव्हिंग’ हा आभाराचा सण साजरा झाला. आणि दुसऱ्या दिवशी, ‘ब्लॅक फ्रायडे’ नावाच्या खरेदीच्या शुक्रवारी, अनेक देशांतील गोदाम-कामगारांनी ‘मेक ॲमेझॉन पे’, म्हणजे ॲमेझॉनकडून मोबदला वसूल करा, अशी घोषणा देत निदर्शने केली.

वरवर पाहता या पाच घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. एक गावजत्रा, एक सरकारी अधिसूचना, एक निषेध दिन, एक परदेशी सण आणि एक बाजार. परंतु पाचांच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. पीक हाती आल्यावर, वर्षभराचे काम फळाला आल्यावर समाज आभार मानतो ते कोणाचे? आणि त्या आभाराच्या सणाची तयारी ज्या हातांनी होते, त्या हातांत शेवटी काय पडते? जयनगरसारख्या सुखवस्तू वस्तीत हा प्रश्न विचारणे विशेष उपयोगाचे आहे. कारण सण साजरा करणारा आणि सण तयार करणारा हे दोघे तेथे रोज एकाच पदपथावर समोरासमोर येतात.

जयनगरचा कार्तिक

जयनगर हे स्वतंत्र भारतातील अगदी आरंभीच्या नियोजित वसाहतींपैकी एक. चक्रवर्ती राजगोपालाचारी गव्हर्नर-जनरल असताना, १९४८ साली, त्यांच्या हस्ते तिची पायाभरणी झाली. म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वाडियार यांच्या नावावरून तिला जयनगर म्हणू लागले. आखीव रस्ते, दुतर्फा झाडे, ब्लॉकांची शिस्तशीर मांडणी आणि मध्यभागी चौथ्या ब्लॉकची बाजारपेठ असे तिचे रूप आहे. नोकरदार, निवृत्त अधिकारी, प्राध्यापक आणि व्यापारी यांची ही वस्ती. आज तिच्यातील कितीतरी घरांतील एक तरी मूल अमेरिकेत आहे, किंवा अमेरिकेच्या वेळापत्रकाप्रमाणे बंगळुरातच रात्रपाळी करीत आहे.

दिवाळीपासून नाताळापर्यंत चौथ्या ब्लॉकच्या पदपथावर ऋतूचे पंचांगच मांडलेले असते. दिवाळीच्या पणत्या संपत नाहीत तोच तुळशीच्या लग्नासाठी आवळ्याच्या डहाळ्या येतात. मागोमाग ऊस, केळीचे खांब, शेवंती आणि अबोलीचे गजरे येतात. कार्तिकी सोमवारच्या दिव्यांसाठी वाती येतात, मग भुईमुगाच्या शेंगांचे ढीग लागतात आणि डिसेंबर उजाडताच कागदी चांदण्यांचे आकाशकंदील लटकू लागतात. पहाटे कृष्णराजेंद्र मार्केटातून फुलांचे भारे उचलून आणणारी, दिवसभर बसून माळा ओवणारी आणि कोपरापासून बोटापर्यंत हात पसरून माळ मोजून देणारी स्त्री ही या पंचांगाची खरी कर्ती आहे. तिच्याच बरोबरीने घरोघरी सणाआधीची साफसफाई, भांडी, फरशी आणि पाहुण्यांचा स्वयंपाक उरकणारी मोलकरीण आहे. दारावर खोके आणून देणारा दुचाकीवरचा तरुण आहे. आणि सण आटोपल्यावर कोमेजलेली फुले, केळीची पाने आणि शेंगांची टरफले झाडून नेणारी पौरकार्मिक स्त्री आहे.

‘मी शेंगा खाल्ल्या नाहीत, टरफले उचलणार नाही’ ही टिळकांच्या बालपणाची गोष्ट महाराष्ट्रातील प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असते. गोष्टीचा बोध स्वाभिमानाचा आहे आणि तो योग्यच आहे. पण आपल्या शहरांची सारी व्यवस्था ज्यांनी शेंगा खाल्ल्या नाहीत त्यांनीच टरफले उचलावीत या नियमावर चालते, हे तीच गोष्ट मुलांना सांगणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. परिशेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे बसवनगुडीच्या रस्त्यावर झाडू घेऊन उतरणाऱ्या स्त्रियांना हा नियम कोणी समजावून सांगावा लागत नाही.

जत्रेची शेंग आणि शेताचा हिशेब

परिशेची दंतकथा सांगण्यासारखी आहे. सुंकेनहळ्ळी, गुट्टहळ्ळी, मावळ्ळी या आसपासच्या खेड्यांत पूर्वी भुईमूग पिकत असे. एक बैल रात्री येऊन उभे पीक फस्त करी. संतापलेल्या शेतकऱ्याने त्याला सोट्याने हाणले आणि बैल जागीच शिळा झाला. पश्चात्ताप झालेल्या शेतकऱ्यांनी तेथे देऊळ बांधण्यास हातभार लावला आणि दरवर्षी पहिले पीक बसवाला वाहण्याचा नवस केला. देऊळ सोळाव्या शतकात केंपेगौडाने बांधले असे मानतात. कथेतला भक्तिभाव बाजूला ठेवला तरी तिच्या गाभ्यात एक रोकडा प्रश्न आहे. शेतकऱ्याने राबून पिकविलेले पीक रात्रीच्या रात्री कोण खाऊन जातो?

आज ती खेडी शहराने गिळली आहेत. परिशेत येणारी शेंग कर्नाटकाच्या कोरडवाहू जिल्ह्यांतून, आंध्रातून, तामिळनाडूतून येते. विकणाऱ्यांपैकी अनेक जण स्वतः पिकविणारे नसतात. घाऊक बाजारातून पोती उचलून, चार दिवस रस्त्याच्या कडेलाच झोपून, मापाने शेंगा मोजून देणारे ते छोटे विक्रेते असतात. पीक खाऊन जाणारा बैल तेथे दिसत नाही, कारण त्याची वाट आता शेताच्या बांधावरून जात नाही. ती बंदरातून आणि वायदेबाजारातून जाते.

१९८६ साली केंद्र सरकारने तेलबियांसाठी तंत्रज्ञान मोहीम काढली आणि नव्वदच्या दशकाच्या आरंभी देश खाद्यतेलाच्या बाबतीत स्वयंपूर्णतेच्या अगदी जवळ पोहोचला. पुढे उदारीकरणाच्या धोरणात १९९४ पासून पामतेलाच्या आयातीचे दरवाजे उघडले. आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशातून येते. २०२५-२६ च्या हंगामासाठी भुईमुगाचा हमीभाव क्विंटलला ७,२६३ रुपये जाहीर झाला. स्वामिनाथन आयोगाने सुचविलेल्या सर्वंकष उत्पादनखर्च अधिक पन्नास टक्के या सूत्राने तो काढलेला नाही, हे किसान सभांनी वारंवार दाखवून दिले आहे. शिवाय हमीभाव कागदावर असणे आणि त्या भावाने खरेदी होणे यांत मोठे अंतर आहे. ज्या वर्षी हा भाव जाहीर झाला, त्याच वर्षी ३० मे रोजी, खरिपाची पेरणी तोंडावर असताना, कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलांवरील मूळ आयातशुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणले गेले. पेरणीच्या तोंडावर हमीभावाची घोषणा आणि त्याच सुमारास आयातीला सवलत, असा हा दुहेरी खेळ आहे.

शहरातील ग्राहकाला तेल स्वस्त मिळू नये काय, असा प्रश्न जयनगरचा गृहस्थ विचारील. त्याचा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. तेल स्वस्त मिळावे, परंतु ते शेतकऱ्याचा भाव पाडून नव्हे. रास्त भावाने खरेदी करून शिधावाटप दुकानांतून स्वस्त दराने विकण्याची जबाबदारी सरकारने उचलली पाहिजे. शुल्ककपातीचा मोठा वाटा शुद्धीकरण कारखानदार आणि आयातदार यांच्या गल्ल्यात जातो. ग्राहकाची बाटली थोडी उतरते, पुन्हा चढते, शेतकरी मात्र उतरलेलाच राहतो. परिशेत शेंगांचे माप भरून घेणारा आणि पावगडा-चळ्ळकेरेच्या माळरानावर शेंगा उपटणारा यांचे हितसंबंध परस्परविरोधी आहेत असे भासविणे मधल्या दलालाच्या सोयीचे असते.

आभाराच्या गुरुवारची जन्मकथा

आता समुद्रापलीकडच्या आभाराच्या सणाकडे वळू. १६२१ साली प्लिमथ येथे इंग्रज वसाहतवाल्यांनी आणि वाम्पानोआग या मूळ रहिवाशांनी सुगीच्या वेळी एकत्र भोजन केले, अशी या सणाची मूळकथा सांगतात. त्यापुढच्या दोन पिढ्यांत त्याच वाम्पानोआगांची जमीन गेली आणि माणसे युद्धात व रोगराईत मेली, हे मात्र जेवणाच्या टेबलावर सांगत नाहीत. म्हणूनच १९७० पासून अमेरिकेतील मूळ रहिवासी त्याच दिवशी प्लिमथ येथे राष्ट्रीय शोकदिन पाळतात. ज्याच्या जमिनीवर पीक काढले त्याचे आभार मानून झाले, जमीन मात्र परत केली नाही. या एका वाक्यात वसाहतवादाचा सारा इतिहास सामावला आहे.

सणाला राष्ट्रीय रूप दिले ते यादवी युद्धाच्या काळात, १८६३ साली, लिंकन यांनी. नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार ठरला. १९३९ साली त्या महिन्यात पाच गुरुवार आले आणि सण ३० तारखेला पडत होता. नाताळच्या खरेदीचे दिवस कमी पडतील अशी तक्रार मोठ्या दुकानदारांनी केली आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सण आठवडाभर अलीकडे, २३ तारखेला आणला. काही राज्यांनी ही तारीख मानली, काहींनी जुनीच धरून ठेवली. अखेर १९४१ साली कायदा करून चौथा गुरुवार कायम करण्यात आला. देवाचे आभार कोणत्या दिवशी मानायचे हेही शेवटी दुकानाच्या गल्ल्याने ठरविले. आज तर गुरुवारचे जेवण ही शुक्रवारच्या खरेदीची नांदी होऊन बसली आहे.

त्या शुक्रवारचा भार बंगळूर उचलते. अमेरिकेतील कचेऱ्या सुट्टीवर असताना खरेदीच्या संगणकयंत्रणा कोलमडू नयेत, पैशांचे व्यवहार अडू नयेत, ग्राहकांच्या तक्रारी निवारल्या जाव्यात म्हणून येथील तरुण-तरुणी रात्र जागतात. ज्या सणाची त्यांना सुट्टी नाही त्या सणासाठी त्यांचा कामाचा दिवस लांबतो. माहिती-तंत्रज्ञान उद्योगाला कर्नाटकात औद्योगिक स्थायी आदेशांच्या कायद्यातून सूट मिळत आली आणि २०२४ साली ती आणखी पाच वर्षांसाठी वाढविण्यात आली. त्याच वर्षी जुलैत दिवसाला बारा तासांहून अधिक काम करवून घेण्याची मुभा देणारा प्रस्ताव पुढे आला. २०१७ साली स्थापन झालेल्या कर्नाटक राज्य आयटी कर्मचारी संघटनेने, ‘किटू’ने, त्याविरुद्ध आवाज उठविला आणि प्रस्ताव त्या वेळी मागे पडला. वातानुकूलित कचेरीत बसणाराही श्रमिकच आहे, हे जयनगरच्या अनेक घरांना त्या जुलैत प्रथमच जाणवले असेल.

पदपथ कोणाचा?

२०२३ च्या नोव्हेंबरात, दिवाळी तोंडावर आली असताना, तेव्हाच्या बृहत् बंगळूर महानगरपालिकेने जयनगर चौथ्या ब्लॉकच्या परिसरातून फेरीवाले हटविले. वर्षाची कमाई ज्या आठ-दहा दिवसांत होते, त्याच दिवसांत ज्यांच्या हातात माल आहे त्यांची बसण्याची जागा गेली. कर्जाने आणलेल्या मालाला सणानंतर कोणी विचारत नाही. पणती दिवाळीनंतर मातीमोल होते आणि फूल दुसऱ्याच दिवशी.

याही बाबतीत रहिवाशांची बाजू ऐकून घेतली पाहिजे. जयनगरमध्ये वृद्धांची संख्या मोठी आहे. पदपथ चालण्याजोगा नसेल तर म्हातारी माणसे रस्त्यावर उतरतात आणि वाहनांच्या तोंडी सापडतात. पादचाऱ्याचा हक्क खरा आहे. परंतु पदपथाची आणि रस्त्याची किती जागा विक्रेत्यांच्या टोपल्यांनी व्यापली आहे आणि किती उभ्या केलेल्या खाजगी मोटारींनी, याचे मोजमाप कोणी घेतले आहे काय? एका मोटारीच्या जागेत तीन-चार फुलवाल्या बसू शकतात. मोटार हटविण्यासाठी मात्र दिवाळीच्या तोंडावर पोलीस बंदोबस्त येत नाही.

या तंट्यात दोन्ही बाजूंना न्याय देणारा मार्ग कायद्यातच आहे. पदपथावर व्यवसाय करणे हा वाजवी निर्बंधांच्या अधीन राहून मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सोदान सिंग खटल्यात १९८९ सालीच म्हटले होते. दीर्घ लढ्यानंतर २०१४ साली पथविक्रेता संरक्षण कायदा झाला. त्याच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे सर्वेक्षण पूर्ण होऊन सर्व विक्रेत्यांना प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही हटविता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असले पाहिजेत आणि त्यांत एक-तृतीयांश स्त्रिया असल्या पाहिजेत. जेथे ग्राहक व विक्रेते पूर्वापार जमत आले आहेत असा ‘नैसर्गिक बाजार’ सर्वेक्षणात नोंदला गेला, की तो विक्रीबंद क्षेत्र म्हणून जाहीर करता येत नाही. चौथ्या ब्लॉकचा बाजार नैसर्गिक नसेल तर बंगळुरात दुसरा कोणता असेल?

कायदा लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेण्यास सांगतो. २०११ च्या जनगणनेत या महापालिकेची लोकसंख्या ८४ लाख होती, म्हणजे ही मर्यादा दोन लाखांवर जाते. २०१७ च्या सर्वेक्षणात नोंद झाली ती सुमारे पंचवीस हजारांची. नोंद झाली नाही की प्रमाणपत्र नाही आणि प्रमाणपत्र नाही की ‘अतिक्रमण’ म्हणायला मोकळीक. २०२५ साली जुन्या महापालिकेच्या जागी पाच महापालिका आल्या. नावे आणि पाट्या बदलल्या, आता गणतीही बदलते की नाही हे विक्रेत्यांच्या संघटित दबावावर अवलंबून राहील.

सुट्टीच्या कुंपणाबाहेर

कर्नाटकात राष्ट्रीय व सणांच्या सुट्ट्यांचा १९६३ चा कायदा आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, १ नोव्हेंबर आणि त्याखेरीज सणांचे पाच दिवस कामगाराला पगारी सुट्टी मिळाली पाहिजे, असे तो सांगतो. त्या दिवशी काम करवून घेतले तर दुप्पट वेतन, किंवा वेतन आणि बदली सुट्टी द्यावी लागते. सण हा श्रमिकाच्या वेतनाचा भाग आहे, हे तत्त्व कामगार चळवळीने लढून कायद्यात आणले.

पण या कायद्याचे कुंपण आस्थापनेच्या दारापाशी संपते. फुलवाली कोणाची नोकर नाही, म्हणून तिला सुट्टी नाही. मोलकरणीचे काम कर्नाटकाने २००४ साली किमान वेतनाच्या कक्षेत घेतले खरे, पण सणाच्या दिवशी दुप्पट काम केल्याबद्दल तिला मिळते ती जुनी साडी किंवा उरलेली मिठाई. खोके पोहोचविणारा तरुण कंपनीच्या भाषेत ‘भागीदार’ आहे. सणाच्या दिवशी घरी बसला तर त्याची कमाई बुडते. सामाजिक सुरक्षा संहितेने त्याचे नाव कायद्यात घेतले, त्याच्यासाठी कंपन्यांच्या उलाढालीतून एक ते दोन टक्के वर्गणीची तरतूद केली, परंतु कामगाराचा दर्जा दिला नाही. कर्नाटकाने २०२५ साली याच कामगारांसाठी स्वतंत्र कायदा करून प्रत्येक मोबदल्यावर एक ते पाच टक्के कल्याणशुल्क बसविले. हे पाऊल पुढचे आहे. तरीही पगारी विसावा त्याच्या वाट्याला आलेला नाही.

नुसत्या आभाराची किंमत या देशाने २०२० साली पुरती पाहिली. २२ मार्चला घरोघरी टाळ्या आणि थाळ्या वाजल्या. दीड महिन्याने, मेच्या आरंभी, बांधकाम व्यावसायिकांशी बैठक झाल्यावर कर्नाटक सरकारने परप्रांतीय मजुरांना गावी नेणाऱ्या रेल्वेगाड्या रद्द केल्या. देशभर टीका झाली तेव्हा कुठे त्या पुन्हा सोडल्या. टाळ्या वाजविणारे सज्जन होते, यात शंका नाही. पण ज्याला नुसती टाळी मिळते आणि हक्क मिळत नाही, त्याला गाडीत बसू द्यायचे की नाही हे दुसराच ठरवितो.

याच्या उलट पौरकार्मिकांचे उदाहरण पाहा. २३ सप्टेंबरला पौरकार्मिक दिन पाळून त्यांना हार घालण्याचा प्रघात कर्नाटकात आहे. त्या हारांनी त्यांची कंत्राटी गुलामी संपली नाही. जुलै २०२२ मध्ये त्यांनी झाडू खाली ठेवले, शहर तुंबले आणि नोकरीत कायम करण्याचे आश्वासन सरकारला द्यावे लागले. पुढे पाठपुरावा सुटला नाही. १ मे २०२५ रोजी बंगळुरातील बारा हजारांहून अधिक पौरकार्मिकांना कायम नेमणुकीची पत्रे मिळाली. हारातून जे आले नाही ते संपातून आले.

येळवशीचे आवतण

मराठी वाचकाला हा सारा विषय परका वाटण्याचे कारण नाही. लातूर-धाराशिव आणि सीमेपलीकडील बिदर-कलबुर्गी भागांत मार्गशीर्षाच्या अमावास्येला वेळ अमावास्या, म्हणजे येळवस साजरी होते. गावे ओस पडतात आणि शिवार माणसांनी भरते. कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा होते. आंबील, भज्जी आणि उंडे यांचे जेवण वाटेवरच्या वाटसरूलाही मिळते. ज्याला शेत नाही त्यालाही त्या दिवशी आवतण असते. ही आपल्या लोकजीवनातील उदार आणि सुंदर परंपरा आहे. पण जेवण आटोपून सूर्य मावळला, की शेत ज्याचे त्याचे राहते आणि भूमिहीन भूमिहीनच राहतो. पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लागते आणि दुसऱ्या दिवशी मानेवर जू चढते. सणाने माणसाला एक दिवसाची समता चाखविली. ती वर्षभराची करणे हे चळवळीचे काम आहे.

म्हणून सणांकडे तुच्छतेने पाहणे ही आपल्या कार्यकर्त्यांची चूक ठरेल. सणाच्या दिवसांत विक्रेता, मोलकरीण, सफाई कामगार आणि रात्रपाळीचा कर्मचारी यांच्या अडचणी सर्वाधिक उघड्या पडतात आणि त्याच दिवसांत मध्यमवर्गीय शेजाऱ्यांचे मन थोडे हळवे असते. अशा वेळी नुसते पत्रक वाटून भागणार नाही. आपल्या शहरातील पथविक्रेता समितीच्या निवडणुका झाल्या आहेत काय, गणतीत कोण सुटले आहे, सणाच्या महिन्यात हटविण्याची कारवाई होणार नाही अशी लेखी हमी प्रशासनाने दिली आहे काय, याची चौकशी प्रत्येक शाखेने दसऱ्यापूर्वीच केली पाहिजे. घरकामगार स्त्रियांना सणाची पगारी सुट्टी मिळावी यासाठी गृहनिर्माण संस्थांशी बोलणी केली पाहिजेत, आणि याची सुरुवात आपल्या स्वतःच्या घरातून झाली पाहिजे. रहिवासी संघांशी संवाद तोडू नये. पादचाऱ्यालाही वाट मिळेल आणि फुलवालीलाही जागा राहील असा पदपथाचा नकाशा त्यांच्यासमोर ठेवावा. भुईमुगाच्या हमीभावाची आणि आयातशुल्काची गोष्ट ज्या दिवशी शहरातील ग्राहकाला शेंगांच्या मापाबरोबर समजेल, त्या दिवशी किसान सभेचा मोर्चा त्याला परका वाटणार नाही.

कार्तिकातला शेवटचा सोमवार दरवर्षी येणार आहे आणि नोव्हेंबरचा चौथा गुरुवारही. पुढच्या परिशेपूर्वी जयनगरच्या फुलवालीच्या हातात विक्रीचे प्रमाणपत्र असावे आणि पावगड्याच्या शेतकऱ्याच्या शेंगेला जाहीर झालेला भाव प्रत्यक्ष मिळावा, यासाठी कामाला आजपासून लागले पाहिजे.